दोन नखं खोल

ताईचा मिक्सर जळाला, त्याला कारण झाडं.

ती पुढच्या खोलीत पडदे शिवत बसली होती. आतून आधी घर्रघर्र ऐकू आलं, मग नुसतंच घूं, मग जळका वास. शिलाई मशीनवरचा तिचा पाय थांबला.

"माकडा! काय घातलंस त्यात?"

"झाडं."

"काय?"

"झाडांची पानं गं. गादीतला स्पंज आहे, हिरवा रंगवून वाळवला होता. जरा ओला राहिला वाटतं."

ताई दारात येऊन उभी राहिली. भांड्यात हिरवा लगदा, भिंतीवर हिरवे ठिपके आणि भावाच्या भुवयांवर हिरवी धूळ. तिला हसू आवरेना. पण हसता हसता ती मध्येच थांबली आणि मान जिन्याकडे वळवली. हल्ली हे असंच व्हायचं. हसायला लागली की मध्येच कान द्यायची, पाऊल वाजलं की काय म्हणून.

जिना शांत होता.

"नवीन आणून देतो," तो म्हणाला.

"देशील रे. आधी ते पाणी कर."

त्याला सगळे पाणक्या म्हणायचे. पाणी भरायचा म्हणून नाही, पाणी करायचा म्हणून. टेबलावर मावणाऱ्या छोट्या रेल्वेचा नाद असलेली माणसं गावोगाव असतात. बोटाएवढं इंजिन, काडेपेटीएवढे डबे, खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. ही माणसं रूळ टाकतात, वायरी जोडतात, सिग्नल लावतात, आणि डोंगर-झाडं-नदीपाशी आली की हात टेकतात. तिथे पाणक्याला बोलावणं यायचं. कुठल्या शाळेत तो हे शिकला नव्हता. बघून, करून, नासवून शिकला होता. आणि आता त्याला चांगलं ठाऊक होतं की रूळ टाकणारे ढिगाने सापडतील, पण पाणी करणारा आपल्यासारखा दुसरा नाही. हे तो लाजत वगैरे सांगायचा नाही. सरळ सांगायचा.

त्याचं म्हणणं एकच. पाणी खोल नसतं, खोल दिसतं. प्लायवूडचा सपाट फळा घ्यायचा. काठाला पिवळट मातकट रंग, मग शेवाळी, मग गडद हिरवा, आणि मध्यावर काळा. ओल्यावर ओला रंग असा फिरवायचा की एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळू नये. वर दोन नखांएवढा जाड रेझिनचा, ओतला की काचेसारखा कडक होणाऱ्या पारदर्शक द्रवाचा थर. झाला तलाव. लोक बोट बुडवायला जायचे आणि नख टक्कन आपटायचं. ते टक् ऐकलं की पाणक्याला जेवल्यासारखं वाटायचं.

काळ्या रंगाची त्याची एक खोड होती. नुसता काळा मेलेला दिसतो, म्हणून त्यात तो चिमूटभर विटकरी मिसळायचा. त्याने काळा रंग आतून तापल्यासारखा वाटतो. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

ताईच्या मागच्या खोलीत खिडकीला लागून भाऊजींचं टेबल होतं, आणि टेबलावर भाऊजींची रेल्वे. भाऊजी औषधांच्या दुकानात काउंटरला उभे असायचे. घरी आले की चहा बाजूला राहायचा आणि माणूस या खोलीत. स्टेशन त्यांनीच केलं, बोगदा केला, आणि मधोमध तलावावरचा लोखंडी पूल केला. खरा पूल सायकलने जाण्याएवढ्या अंतरावर होता, दगडी खांबांवर उभा. तिथेच ते सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसायचे. पूल हुबेहूब होता. फक्त त्याच्याखाली कोरा पांढरा फळा होता. "पाण्याचं काम साल्याचं," ते म्हणायचे, "मी पाण्यात पडणार नाही."

चष्मा जाड. चष्मा काढला की समोरची बायको ओळखायला आवाज लागायचा. उजव्या काडीचा स्क्रू कधीच पडून गेला होता. ताईने तिथे लाल दोरा गुंडाळून दिला होता. दुकानातून नवीन फ्रेम आणा म्हटलं की भाऊजी म्हणायचे, "बायकोनं बांधलंय, दुकानदाराच्या बापाला सुटणार नाही." आणि स्वतः गाठ मारायचे तीही तशीच. मासे धरणाऱ्यांची दुहेरी वळशाची गाठ. दोरी म्हणून दिसली की तिचं टोक कुठेतरी बांधून टाकायचे. कपडे वाळत घालायची दोरी, पिशवीची दोरी, सगळं. ताई वैतागून कात्रीच घ्यायची. "मोकळा दोरा ठेवू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मागल्या वर्षी ते असेच गळ घेऊन गेले आणि आले नाहीत.

सायकल पुलाच्या पहिल्या खांबाला टेकवलेली सापडली. बूट काठावर शेजारी शेजारी, मोजे घड्या घालून आत. माणूस नाही, गळ नाही. पाणबुडे उतरले आणि वर येऊन म्हणाले, काठाजवळ काही नाही, आणि तिसऱ्या खांबापाशी जो डोह आहे त्यात आम्ही जात नाही, तळ लागत नाही.

मग लोकांनी तळ शोधला. बूट काढून कुणी बुडतं का? बूट काढून ठेवणारा ठरवून निघतो. शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या होत्या, तेव्हा दारातच म्हणाल्या, "पोरी, बुडालेला वर येतो. वर न येणारा निघून गेलेला असतो. मी आपलं मायेनं सांगते हो."

काकू गेल्यावर ताई पाणक्याला म्हणाली, "मेले असतील तर रडेन. मला सोडून गेले असतील तर शिव्या देईन, चांगल्या ठेवणीतल्या देईन. पण हे मधलंच काय धरून बसू? रोज संध्याकाळी दाराला कडी घालायची की नाही, एवढंसुद्धा ठरत नाही मला."

ती कडी घालत नव्हती, हे पाणक्याला माहीत होतं.

"तो पांढरा फळा बघवत नाही," ती म्हणाली. "पाणी कर. नेलं असेल तर त्या पाण्यानं नेलंय, नसेल नेलं तर तसं. समोर असू दे. मी त्यालाच विचारेन."

तर असं ते काम होतं. पैशाचं नाही, प्रदर्शनाचं नाही. पाणक्याने ठरवलं, आजवरचं सगळ्यात चांगलं पाणी इथे करायचं.

आधी तो खरा तलाव बघायला गेला. तिथला नावाडी म्हातारा, बोलका, दात मोजकेच उरलेला. नाव तिसऱ्या खांबापाशी आणून त्याने बांबू पाण्यात खुपसला. बांबू गेला, मनगट गेलं, कोपर गेलं, बाही खांद्यापर्यंत भिजली.

"बघा. नाहीच."

"काय नाही?"

"तळ. माझ्या बापाला लागला नाही, मला नाही. तुम्ही कशाला फोटो काढताय? तलाव विकायचाय का?"

"करायचाय, काका. टेबलावर."

नावाड्याने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "घरचे बरे आहेत ना तुमचे?"

पाणक्या हसला. फोटो काढले, रंग जुळवायला बाटलीभर पाणी घेतलं. त्या पाण्याला ओल्या पत्र्यासारखा वास होता.

रंगवायला त्याने सबंध दिवस घेतला. सकाळच्या उजेडात काठ केला, दुपारी मधला भाग. तिसऱ्या खांबापाशी काळा हवा होता, अगदी पातळ, थरावर थर देता येईल असा. रंगात पाणी घालायची वेळ आली तेव्हा दोन्ही हात बरबटलेले. हाताशी तलावाची बाटली होती, तीच त्याने ओतली. रंगवणारा एरवी असं करणार नाही. नमुन्याचं पाणी नमुन्यालाच ठेवायचं असतं. पण पाणी ते पाणी, म्हणून तो पुढे गेला.

शेवटच्या हाताला ब्रशचा एक केस तुटला आणि खांबापाशी काळ्या रंगात चिकटून बसला. चिमट्याने काढायला गेला तर रंग उचकटायला लागला. राहू दे म्हटलं. काळ्यात काळा, कोण बघतंय?

ताई चहा घेऊन आली आणि कप हातात घेऊनच उभी राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. वाकून बघितलं तर तोल जातोयसं वाटलं. गच्चीच्या काठावर होतं ना, तसं."

"म्हणजे जमलंय," पाणक्या म्हणाला. "आण चहा."

दुसऱ्या दिवशी त्याने रेझिन ओतलं. दोन द्रव मोजून मिसळले, सावकाश ढवळले, ताईच्या केस वाळवायच्या मशीनने वरून ऊन हवा देऊन बुडबुडे फोडले, आणि धूळ बसू नये म्हणून वर खोका पालथा घातला. खोका उचलला तेव्हा तलाव झाला होता. खिडकीतलं आभाळ त्यात उलटं पडलं होतं. पाणक्याने काठाला नख आपटलं. टक्.

मग काढून ठेवलेला पुलाचा कठडा परत लावताना त्याच्या हातून एक स्क्रू निसटला. पुलावरून खाली पडला.

आवाज आला नाही.

म्हणजे पडलाच नसेल, बाहीत अडकला असेल. त्याने बाही झटकली, टेबलाखाली बघितलं, खुर्चीखाली बघितलं. स्क्रूच तो, असे रोज हरवतात. त्याने दुसरा घेतला.

पुढच्या सकाळी नाव नव्हती. तांदळाच्या दाण्यांची रांग असावी एवढी नाव त्याने स्वतः कोरून तिसऱ्या खांबाजवळ गोंदाने चिकटवली होती. चिकटवल्याचा डागसुद्धा नव्हता.

"ताई, इथे हात लावलास?"

"तुझ्या कामाला हात लावायला मला वेड लागलंय का? मागे एकदा एक झाड मोडलं तर आठवडाभर तोंड फुगवून बसला होतास."

"मग मांजर असेल."

"आपल्याकडे कुठे मांजर आहे?"

खिडकी उघडी होती, बाहेर ऊन रणरणत होतं, आणि टेबलावर वाकलं की तोंडाला गार लागत होतं. वासही येत होता. रेझिनचा उग्र गोडसर वास त्याला झोपेतही ओळखू आला असता. हा तो नव्हता. ओल्या पत्र्याचा होता.

पाणक्या घाबरट नव्हता. काम नासलं की कुठे नासलं ते शोधायचं, एवढंच त्याला येत होतं. मिश्रणात चूक झाली की रेझिन मधूनमधून कच्चं राहतं, दाबलं तर बोट रुततं. तसंच असणार. त्याने काठापासून नखाने वाजवत सुरुवात केली. टक्. टक्. टक्. दुसरा खांब. टक्. तिसरा खांब.

तिसऱ्या खांबापाशी बोट आत गेलं.

पहिल्या पेरापर्यंत गेलं. मग दुसऱ्या. कच्चं रेझिन चिकट असतं, बोटाला धरून ठेवतं. याने धरलं नाही. बोट गार पडलं, एवढंच. त्याने ते सावकाश बाहेर काढलं. टोकाला एक थेंब लोंबत होता. थेंब खाली पडला आणि तलावावर बारीक वर्तुळं उठली, पसरली, काठाला लागून विरली.

तो टेबलाभोवतीचा पडदा सारून खाली शिरला. प्लायवूडची खालची बाजू कोरडी ठणठणीत. त्याच्याच हाताचा पेन्सिलीचा बाण तिथे होता. बोटभरही जाड नव्हतं ते लाकूड.

तो बाहेर आला. ताईला काही बोलला नाही. आधी खात्री करायची, मग बोलायचं. खात्री करायला त्याच्याकडे एकच जागा होती.

नावाड्याने त्याला लांबूनच ओळखलं. "आले का टेबलवाले!"

पण या वेळी म्हाताऱ्याच्या बोलण्यात मजा नव्हती. नाव पाण्यात घालताना तो कुरकुरत होता. म्हणाला, "तुम्हाला दाखवतो काहीतरी. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतात, म्हाताऱ्याला चळ लागला."

तिसऱ्या खांबाजवळ नावेचं बूड खट्टकन आपटलं.

"हे बघा." त्याने बांबू सोडला. गुडघ्याएवढ्या पाण्यात बांबू थांबला. त्याने ठोकून दाखवला. ठक्. ठक्. "पाणी तेवढंच आहे. काठाला बघा, खुणेवरच आहे. तळ वर आलाय. आणि कसला तळ! गाळ नाही, दगड नाही, शेवाळ नाही. फरशी टाकल्यासारखा सपाट."

"कधीपासून?"

"तुम्ही येऊन गेलात, त्यानंतर केव्हातरी. माझा बाप सांगायचा इथं हत्ती बुडेल. आता बदक बुडायचं नाही."

नावेतून वाकून पाणक्याने पाण्यात बघितलं. वरून डोह तसाच दिसत होता. काळा, गच्च, खोलच खोल. तोल जावा असा. त्याने बाही वर केली, हात घातला, आणि कोपर भिजायच्या आत तळहात टेकला.

गुळगुळीत. त्याने नखाने खरवडलं. हात वर आणला तेव्हा नखात काळा रंग होता. उन्हात धरला. काळ्यात चिमूटभर विटकरी.

"तिथं एक काठी पण आहे," नावाडी म्हणाला. "दिसते का? काढायला गेलो, निघत नाही. तळाला चिकटल्यागत आहे."

पाणक्याला दिसली. तळावर आडवी पडलेली, काळी, चकचकीत, बोटाएवढी जाड आणि माणसाच्या कमरेला लागेल एवढी लांब. जराशी वाकलेली. एका टोकाला ती दुभंगली होती.

आणखी वाकून त्याने तिच्यावरून बोट फिरवलं. ब्रश निवडताना तो नेहमी भिंगाखाली केस बघायचा. चांगल्या ब्रशचा केस टोकाला दुभंगलेला असतो.

"काका, काठावर घ्या."

"बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. घरी काम आहे."

ताईला त्याने सगळं सांगितलं. स्क्रू, नाव, बोट, बांबू, केस. त्याला वाटलं ती रागावेल, नाहीतर रडेल, निदान वेडा म्हणेल. तिने शिवत असलेल्या पडद्याची घडी घातली. मशीनवरचं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढून घेतलं.

"पाणबुडे म्हणाले होते ना, डोहात उतरत नाही म्हणून?"

"हो."

"आता डोह तिथे नाहीये म्हणतोस."

"नाही."

"मग आत जे होतं ते कुठे आहे?"

पाणक्याने टेबलाकडे बघितलं.

ताईने सुई गॅसवर तापवून चिमट्याने वाकवली, गळासारखी. दोऱ्याला बांधली. पुलाच्या कठड्यावरून, तिसऱ्या खांबाशी, तिने ती पाण्यात सोडली.

रीळ तिच्या बोटांत फिरू लागलं. दुपारची वेळ होती, खाली कुणीतरी सतरंजी झटकत होतं, त्याचा धप्प धप्प आवाज येत होता. रीळ फिरत होतं. पाव उलगडलं. अर्धं उलगडलं. दोन नखांएवढ्या तलावात सबंध अर्धं रीळ गेलं.

मग थांबलं.

"लागलं," ताई हलकेच म्हणाली. "खालून ओढल्यासारखं झालं."

"तळ असेल."

"तळ ओढत नाही, पाणक्या."

तिने दोरा परत गुंडाळायला घेतला. घाई केली नाही. ओला दोरा तिच्या बोटांवर वळ उमटवत येत राहिला. सुई वर आली. सुईच्या बाकाला काहीतरी अडकलं होतं. राईच्या दाण्याएवढं.

पाणक्याने ते चिमट्याने पांढऱ्या पडद्यावर ठेवलं आणि भिंग लावलं.

चष्मा होता.

त्याने एवढ्या आकाराची माणसं केली होती, छत्र्या केल्या होत्या, सायकली केल्या होत्या. एवढा चष्मा करायचा तर बारीक तार वाकवायची आणि काचा नसल्याच तरी चालतात, कोण बघतंय. या चष्म्याला काचा होत्या. काचांखाली पडद्याच्या कापडाचे धागे दिसत होते. पण बाहेरच्या धाग्यांपेक्षा काचेखालचे धागे बारीक दिसत होते.

नंबरच्या काचा होत्या. जाड नंबरच्या.

"उजवी काडी बघ," ताई म्हणाली. तिने भिंग मागितलंसुद्धा नाही.

त्याने बघितली. काडी जिथे वळते तिथे लाल काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"आहे," तो म्हणाला.

ताई खाली बसली. तोंडावर पडदा धरून रडली. वर्षभराचं रडणं होतं, पण फार वेळ चाललं नाही. मग तिने तोंड पुसलं. पाणक्याला वाटलं, आता ती तो चष्मा डबीत ठेवेल, कपाटात ठेवेल.

"परत सोड तो."

"काय?"

"गेले नव्हते कुठे. टाकून गेले नव्हते मला." ती उठली. "चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचं दिसत नाही. वाट कशी दिसणार? सोड परत."

"ताई, अगं वर्ष झालं…"

"तुला पाणी कळतं. मला माझा नवरा कळतो. सोड."

त्याने सोडला. चष्मा सुईला अडकवून, सांभाळून, जिथून आला होता तिथे. दोरा जाऊ तेवढा जाऊ दिला. रीळ खिडकीत उभं करून ठेवलं. दोरा खिडकीतून पुलावर, पुलाच्या कठड्यावरून पाण्यात, असा सैल पडून राहिला.

संध्याकाळी ताईने बाहेरच्या दाराकडे बघितलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला ठरवायला वेळ लागला नाही. तिने कडी घातली नाही, आणि जाऊन झोपली. पाणक्या पुढच्या खोलीत झोपला.

सकाळी ऊन थेट टेबलावर आलं होतं.

तलाव शांत होता. आभाळ उलटं पडलं होतं. पाणक्याने तिसऱ्या खांबापाशी नख आपटलं.

टक्.

त्याने परत आपटलं. टक्. सगळीकडे टक्. कडक, कोरडं, पक्कं झालेलं रेझिन.

दोरा पाण्यात नव्हता. तो कठड्यावरच संपत होता. टोक मोकळं नव्हतं. कठड्याच्या सळीला, केसाएवढ्या जाड सळीला, ते बांधलेलं होतं.

त्याने भिंग लावलं. दुहेरी वळसा. मासे धरणाऱ्यांची गाठ. एवढी गाठ मारायला जेवढी बारीक बोटं लागतात तेवढी कुणाला नसतात.

ताई शेजारी येऊन उभी राहिली होती. तिचा हात सवयीने कात्रीकडे गेला आणि परत आला.

"पुढे बघ," ती म्हणाली.

पुलावर ओले ठिपके होते. तिळाएवढे, लांबट. एक डावीकडे, एक उजवीकडे. एक डावीकडे, एक उजवीकडे. अनवाणी. पुलावरून ते रुळांच्या मधून गेले होते, स्टेशनच्या फलाटावर चढले होते, आणि तिथून सरळ टेबलाच्या कडेपर्यंत आले होते.

कडेला ते थांबले होते. कडेवर टेबलाचा पडदा खिळ्यांनी ठोकलेला होता, ताईनेच शिवलेला. तो खाली फरशीपर्यंत लोंबत होता.

पडद्यावर ओलसर रेघ होती. वरून खाली.

पाणक्या एक पाऊल मागे सरकणार होता. ताईने त्याचा दंड घट्ट धरला. ती फरशीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती अजिबात नव्हती.

"हलू नकोस," ती कुजबुजली. "पाय जपून टाक."